गुडघ्याचे आभार

भाषणाच्या कागदावरचा 'गुरुवर्य' हा शब्द सुतळीने पेनने दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिला. नुसतं 'मास्तर' म्हटलं असतं तर ऐकणाऱ्यांना ते लडिवाळ वाटलं असतं. 'गुरुवर्य' या शब्दात विष चांगलं मावतं आणि बाहेरून काही दिसतही नाही.

"अगं, पुरे आता. कागद फाटेल," ताई म्हणाली. ही तिची थोरली बहीण, गाडीत सोबत हवी म्हणून आलेली. सुतळीच्या बाहीला लागलेली पांढरी भुकटी ती मघापासून झटकत होती. "चार शब्द बोलायचे, आभार मानायचे आणि खाली बसायचं. तुला काय निवडणूक लढवायची आहे?"

"चारच बोलणार आहे. पण लागतील असे."

"कशाला उकरतेस जुनं? देवानं भरभरून दिलंय की तुला."

"देवानं दिलंय. त्याचे आभार मी घरी मानते."

दोघी कृत्रिम पायांच्या कारखान्यात, प्लास्टरच्या खोलीत बसल्या होत्या. शेजारच्या शेडमधली यंत्रं भिंतीकडे सरकवून तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर आज निवृत्त होत होते. त्यांच्या हाताखाली शिकून पुढे गेलेल्यांपैकी एकाने आभाराचं भाषण करावं असं ठरलं होतं, आणि सगळ्यांत पुढे सुतळीच गेली होती. एका मोठ्या हॉस्पिटलच्या कृत्रिम अवयव विभागाची ती प्रमुख होती. चोविसाव्या वर्षी इथे आली तेव्हा काटकुळी होती, म्हणून मास्तरांनी तिला हे नाव ठेवलं. आता सुतळीचा चांगला दोरखंड झाला होता, पण फाटकातून आत शिरल्याबरोबर रखवालदारापासून सगळ्यांनी तिला पुन्हा सुतळी करून टाकलं होतं. त्याचाही तिला राग आला होता. खरं सांगायचं तर आज तिला राग येण्यासाठी कारण लागतच नव्हतं.

मूळ कारण मात्र एकच होतं आणि ते सोळा वर्षांचं होतं. मांडीपासून पाय गेलेल्या माणसाला त्या काळी इथून जो पाय मिळायचा, त्याचा गुडघा उभं राहताना हाताने अडकवावा लागे आणि बसताना मांडीजवळची दोरी ओढून सोडवावा लागे. एक हात कायम त्या दोरीचा गुलाम. सुतळीने अकरा महिने खपून एक गुडघा बनवला. त्यातली खिट्टी उभं राहिलं की आपोआप अडकायची, आणि बसायला म्हणून अंग मागे नेलं की आपोआप सुटायची. दोन्ही हात मोकळे. तिने आराखडा काढला, कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव घातलं आणि शनिवारी मास्तरांच्या मेजावर ठेवला. सोमवारी त्याच कोपऱ्यात मास्तरांचं नाव होतं.

विचारायला गेली तेव्हा मास्तर कानशीने एक कडा घासत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

"कमिटी तुझ्यासारख्या पोरीचं नाव बघून फाईल उघडणारसुद्धा नाही. तुझ्या भल्यासाठीच सांगतो," ते म्हणाले होते. आणि ती तरीही हलत नाही असं पाहून, "हात तुझा असेल, डोकं माझं आहे. हाताचं नाव कुणी लावत नाही."

गुडघ्याला पदक मिळालं. तो मास्तरांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. चौथ्या महिन्यात सुतळीने राजीनामा दिला आणि त्यानंतर या फाटकाकडे पाठ फिरवली ती आजपर्यंत. पुढे कधीतरी तिच्या कानावर आलं, की तो गुडघा बनवणं बंद झालंय. तिच्यामागे तो कुणाला जमलाच नाही, असा तिने अर्थ लावला आणि त्या अर्थावर ती कित्येक वर्षं गाढ झोपली.

दारावर टकटक झाली. मास्तर आत आले. अंगात नवा कोट होता आणि तो त्यांना खांद्यात मोठा होत होता. माणूस वाळला होता. सुतळीला त्याचा आनंद झाला आणि तो लपवायची तिने तसदी घेतली नाही.

"आलीस. बरं वाटलं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बोलावलंत. न येऊन कसं चालेल?"

त्यांनी ताईला नमस्कार केला, मग सुतळीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागद बराच लांब होता.

"सुतळी, काय बोलायचं ते बोल. मला शिव्या घातल्यास तरी माझं काही म्हणणं नाही. फक्त गुडघ्याचं काढू नकोस."

"का हो?"

"समोर जुनी गिऱ्हाइकं आहेत. नको. तुझ्या भल्यासाठी सांगतो."

तेच शब्द. सुतळीच्या कानशिलात रक्त चढलं. त्याच वेळी तिला हसूही आलं, कारण इतके दिवस घाव नेमका कुठे घालायचा याबद्दल तिच्या मनात थोडी शंका होती, आणि आता खुद्द मास्तरांनीच येऊन जागा दाखवली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं.

"तुमचा शब्द मी कधी मोडलाय, मास्तर?" ती गोड आवाजात म्हणाली.

मास्तर थोडा वेळ उभे राहिले, काहीतरी सांगावं की नाही अशा विचारात. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले.

शेड भरली होती. पुढच्या रांगेत कारखान्याचे नवे व्यवस्थापक, त्यांच्यामागे कारागीर आणि मग मास्तरांची गिऱ्हाइकं. त्यांतली बरीचशी पाय सरळ लांब करून बसली होती, त्यामुळे ये-जा करणाऱ्यांना जपून पावलं टाकावी लागत होती. सुतळी बोलायला उभी राहिली. तिने आधी बक्कलकाकांचे आभार मानले. काका पायांचे चामडी पट्टे शिवायचे. एकदा तिच्या हातात अख्खी दाभण घुसली, तेव्हा त्यांनी ती उपसून काढली होती आणि ती रडू नये म्हणून आपल्या सासूच्या तोंडाची एवढी वाईट नक्कल केली होती, की तिला रडायचं भान राहिलं नव्हतं. हे आभार खरे होते. काकांनी मान खाली घालून चष्मा पुसला. मग भांडार सांभाळणाऱ्या बाईंचे आभार झाले. त्या एका खिळ्यासाठी तीन सह्या मागायच्या, आणि त्यांच्यामुळेच काटकसर कशाशी खातात ते आपल्याला कळलं, असं ती म्हणाली. लोक मोकळेपणी हसले. सभा तिच्या मुठीत आली होती.

"आणि आता गुरुवर्य," ती म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत ती थांबली.

"गुरुवर्य मला नेहमी म्हणायचे, की तुझी अक्कल गुडघ्यात आहे." पुन्हा हशा. "बरोबरच होतं त्यांचं. अकरा महिने माझी सगळी अक्कल एका गुडघ्यातच चालली होती. रात्री मी इथेच, त्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर झोपायचे. त्या बाकड्याचे आभार. शेवटी गुडघा तयार झाला आणि शनिवारी मी आराखडा गुरुवर्यांच्या मेजावर ठेवला. त्यांनी तो रविवारभर जिवापाड सांभाळला. इतका सांभाळला, की सोमवारी त्यावरचं माझं नावसुद्धा कुणाच्या नजरेला पडू नये अशी त्यांनी तजवीज केली होती."

हसू अर्ध्यावर थांबलं. बक्कलकाकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पदक त्यांनी स्वतः जाऊन आणलं. मला प्रवासाची दगदग नको म्हणून. हाताचं नाव कुणी लावत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. हे एवढं एक वाक्य मिळालं नसतं, तर मी आजही इथे प्लास्टर कालवत बसले असते. माझी जी काही कारकीर्द झाली ती त्या एका वाक्याच्या रागावर झाली. तेव्हा गुरुवर्य, त्या रागाबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. मास्तरांचा गुडघा म्हणून तुम्ही सगळे जो ओळखता, तो माझा होता. त्याची आठवण म्हणून मला दुसरं काही नको. एवढं तुम्ही मान्य करावं, म्हणजे आपली फिटंफाट."

शालजोडीतले देता देता शाल कधी गळून पडली ते तिचं तिलाही कळलं नाही. नुसता जोडा उरला होता. नव्या व्यवस्थापकांनी एक टाळी वाजवली आणि दुसरी वाजवायचा विचार रद्द केला. ताईने पदराऐवजी पर्सच तोंडापुढे धरली होती.

मास्तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. त्यांनी सभेकडे पाहिलं, मागच्या रांगांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"खरं आहे. गुडघा तिचाच. मी माझं नाव लावलं होतं," ते म्हणाले. आणि बसले.

एवढंच. सबब नाही, आढेवेढे नाहीत. सोळा वर्षं अंघोळ करताना, गाडी चालवताना, दुसऱ्यांच्या सभांमध्ये बसून सुतळीने या क्षणाची उजळणी केली होती आणि प्रत्येक उजळणीत मास्तर निदान थोडे तरी भांडायचे. तरी तिला बरं वाटलं. पायऱ्या नसलेल्या त्या बुटक्या व्यासपीठावरून ती खाली आली, तेव्हा आपण दहा वर्षांनी लहान झालोय असं तिला वाटत होतं.

चहाच्या टेबलाशी गर्दी होती, पण तिच्याभोवती मोकळी जागा पडली होती. कारागीर लांबूनच मान हलवत होते. त्यांचं तरी काय, नव्या व्यवस्थापकांसमोर कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्नच होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई थेट तिच्या दिशेने आली. पन्नाशीची, करड्या स्वेटरमधली, डावा पाय ताठ टाकत चालणारी. जवळ येऊन तिने चहाचा कप टेबलावर ठेवला.

"तो गुडघा तुमचा का?"

"हो," सुतळी म्हणाली. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारलं होतं. "पहिल्या रेघेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत."

"खिट्टीचं पण तुम्हीच ठरवलं होतं?"

"खिट्टी हाच तर सगळा गुडघा होता. तुम्ही वापरलाय?"

"दोन वर्षं वापरला. छान होता." बाईचा आवाज एकसारखा होता, जणू दुकानात माप सांगत असावी. "दोन्ही हात मोकळे राहायचे. त्यामुळेच मी मुलीला कडेवर घ्यायला लागले. आधी मला ते कधी जमलं नव्हतं. तिला घेऊन जिना उतरत होते, आणि वरून तिसऱ्या पायरीवर गुडघा सुटला."

सुतळीची नजर बाईच्या ताठ पायावर गेली.

"मी उताणी पडले. ती माझ्या खाली आली. तीन वर्षांची होती. तिचा डावा हात अजून कोपरात सरळ होत नाही. चार ऑपरेशनं झाली." बाईने कपाकडे पाहिलं, पण तो उचलला नाही. "तेरा वर्षं मी मास्तरांना शिव्या घालतेय. ते घरी यायचे, तर मी दार लावून घ्यायचे. आज ते निवृत्त होतात म्हणून आमंत्रण आलं. म्हटलं, जावं, सगळे कौतुक करत असतील तेव्हा उभं राहून चांगलं ऐकवावं. घरून पाठ करून आले होते. तुमचं भाषण झालं नसतं तर माझंच झालं असतं."

"बाई, मला हे..."

"थांबा. मुलगी बाहेर गाडीत बसलीय. मी इथे येऊन काय बोलणार ते तिला ऐकायचं नव्हतं." बाईने स्वेटर सारखा केला. "तिला बोलावते. तिलाही कळू दे. जाऊ नका हं."

ती ताठ पाय टाकत दाराकडे गेली. सुतळीने वळून पाहिलं. मास्तर मागेच खुर्चीवर बसले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे काय आहे?" तिने विचारलं. आवाज तिला हवा तेवढा वर निघाला नाही.

"खिट्टी नवी असताना धरून राहायची," मास्तर म्हणाले. "झिजली की फसायची. जिना उतरताना अंग मागे जातं ना. तिला वाटायचं, माणूस बसतोय. ती सोडून द्यायची."

"मी दहा हजार वेळा वाकवून बघितला होता तो. वाळूची पिशवी बांधून."

"वाकवून बघितलास. मीही बघितला. सपाटीवर चालवून बघितला, उतारावर बघितला. जिन्यावर तूही नाही आणि मीही नाही. आपल्या गिऱ्हाइकांना त्रास नको म्हणून या अख्ख्या कारखान्यात आपण एक पायरी ठेवलेली नाही. इथे बसून जिना आठवणार कुणाला?"

सुतळीने नकळत शेडभर नजर फिरवली. दारात उतार होता, भांडाराकडे जाताना उतार होता, व्यासपीठालासुद्धा फळीचा उतार होता आणि आत्ताच ती त्यावरून खाली आली होती.

"किती जणांना..."

"पडले सातजण. लागलं तिघांना. या पोरीला सगळ्यांत जास्त. मग मी घरोघर जाऊन सगळे गुडघे काढून आणले आणि जुने दोरीवाले बसवून दिले."

"मला का कळवलं नाहीत?"

"काय म्हणून कळवू? कागदावर नाव माझं होतं." मास्तरांनी कोटाचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. "मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू? पहिली तक्रार आली तेव्हा वाटलं, आता लिहावं तुला, की बाई, तुझं नाव घेऊन जा. मग माझी मलाच लाज वाटली. चांगलं होतं तेव्हा चोरलं, आणि कुजल्यावर परत द्यायचं?"

"म्हणजे चोरलं होतं, हे तुम्हाला मान्य आहे."

"चोरलंच होतं की. मघाशी सगळ्यांसमोर सांगितलं ना."

सोळा वर्षं तिला हेच वाक्य हवं होतं. ते आता तिच्यासमोर होतं, पाहिजे तेवढ्या वेळा म्हणून घेता आलं असतं, आणि त्याचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. मास्तरांचा राग मात्र गेला नव्हता. उलट आता तो जास्तच आला. माणसाने चोर असावं नाहीतर भला असावं. दोन्ही असून समोरच्याची अशी पंचाईत करू नये.

"मला आधी सांगायचं होतंत. आत, त्या खोलीत," ती म्हणाली.

"नको बोलूस म्हणालो होतो."

"का नको, ते सांगायचं होतं."

"तू ऐकलं असतंस?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. बक्कलकाका हातात बिस्किटांची बशी घेऊन जवळ आले, दोघांचे चेहरे बघितले आणि बशीसकट परत गेले.

ताई गर्दीतून वाट काढत आली. तिला सगळं कळलं नव्हतं, पण बहिणीच्या तोंडाचा रंग तिने लहानपणापासून पाहिलेला होता.

"मागच्या दारानं निघू या का?" ती हळूच म्हणाली. "गाडी तिकडे आणायला सांगते. फोन आला म्हणावं, हॉस्पिटलमधून. कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नसतं. मागचं दार दहा पावलांवर होतं. सुतळीने भाषणाचा कागद दुमडला, पुन्हा दुमडला आणि तो इतका लहान झाला, की आणखी दुमडता येईना. मास्तर खाली जमिनीकडे बघत होते. तू जा किंवा राहा, असं ते काहीच म्हणाले नाहीत. एवढी एक गोष्ट त्यांनी तिच्या भल्यासाठी ठरवली नाही.

"तू पुढे हो," ती ताईला म्हणाली. "ती मुलीला घेऊन येतेय."

"कोण ती?"

सुतळीने मानेनेच दाराकडे दाखवलं. दारातल्या उतारावरून बाई आत येत होती. तिच्या बरोबर सोळा वर्षांची एक उंच मुलगी होती. आईला आधार लागेल म्हणून ती तिच्या डाव्या बाजूने चालत होती. मुलीचा डावा हात कोपरात वाकलेला होता आणि त्याच हातात तिने आईची पर्स अडकवली होती, सवयीने, जणू त्यासाठीच तो तसा आहे. दोघी थेट टेबलाकडे आल्या. मुलीने मास्तरांना ओळखलं. तिचा चेहरा कडक झाला आणि ती त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

आईने तिच्या खांद्याला धरून तिला हळूच सुतळीकडे वळवलं.

"मास्तर नव्हेत गं," ती म्हणाली. "या."